टोपलं टेकलं तिथं वाडी

कौंडण्यपूरची जत्रा सरली, दुकानवाल्याइनं आपापले पाल गुंडाळले, का आमच्या गावात धावण्याची बोलणी सुरू होतेत. माणसं बोलता बोलता पोटऱ्या चोळतेत, बाया टोपले शेणानं सारवून वाळवतेत, अन् जो तो सकाळी उठून नदीवर जाते अन् पाणी किती उतरलं ते पाहून येते. पावसाळ्यात वर्धा नदी पार घाटाच्या पायऱ्या चढून येते. मंग कार्तिकात हळूहळू मांग सरकते अन् काठानं लांबच लांब वाळू सोडून जाते. त्या वाळूत खड्डे करून आमी माळी लोक टरबूज लावतो, काकडी लावतो. त्यालेच वाडी म्हणतेत. वाळूवर कोणाचं नाव नाई. पलीकडचा काठ मध्यप्रांताचा, अलीकडचा आपल्या वऱ्हाडाचा, अन् मधातली वाळू दरसाल नवी येते, मांगच्या साली कोणाची वाडी कोठी होती हे नदीले काई ध्यानात राहात नाई. म्हून मंग धावायचं. जो पह्यले पोचंन त्याची जागा.

धावायची रीत अशी आहे. एका घरातून एकच माणूस. डोक्यावर शेणखतानं भरेल टोपलं. वडाच्या झाडापासून निंगायचं अन् काठाकाठानं वाळूतून धावत जायचं, अन् जी जागा मनात भरंन तिथं टोपलं खाली ठेवायचं. टोपलं एकदा वाळूले टेकलं का झालं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीच तुमची वाडी. मंग उचलून दुसरीकडं नेता येत नाई. पह्यले म्हणे लोक खुट्या ठोकत, अन् याची खुटी तो उपटे, त्याची हा उपटे, डोके फुटत. माह्ये सासरे सांगतेत का तवाच्या बुढ्याइनं टोपल्याची रीत पाडली. खुटी उपटता येते, वाळूत मुरेल खत कोण उपटंन?

मी इकडची नाई. माह्यं माहेर मोर्शीकडलं, संत्र्याच्या बगीच्यातलं. आमच्याकडं पाणी विहिरीत राहाते, गुपचूप. इथं ते चालते, आवाज करते, अन् पाय टाकला का पायाखालची वाळू ओढून नेते. लग्न होऊन आली तवापासून मले नदीचं भेव. घाटावर धुणं धुवायले गेली तरी मी वरच्या पायरीवर बसो अन् खालच्या पायरीवरच्या बाया मले हसत. "काव, नदी का चावते तुले?" असं म्हणत.

ज्या सालची गोष्ट सांगून राहिली त्या साली माह्यं पोरगं अजून बसायलेही लागलं नव्हतं. शर्यत चार दिवसांवर आली अन् ह्याइनं, म्हणजे माह्या घरच्याइनं, वाडीच्या कुंपणासाठी बाभळीच्या काट्या तोडून आणल्या. त्यातला एक काटा टाचेत घुसला तो आतच मोडला. दुसऱ्या दिवशी पाय असा सुजला का बोटं दिसेनात. हळद-गूळ बांधला, कांदा भाजून बांधला. पाय काई खाली टेकेना. दीर मले नाई. मामाजी, माह्ये सासरे, गुडघ्यानं अधू. म्हणजे धावणार कोण?

अन् धावलं नाई त वाडी नाई. वाडी नाई त उन्हाळाभर दुसऱ्याच्या वाडीत पाणी भरायचं, अन् घरच्या कोठीत ज्वारीचा दाणा येणार कोठून? आमच्याकडं वाडीतला माल ज्वारीवर जाते, टरबूज द्यायचं अन् पसाभर ज्वारी घ्यायची. काळ्या रानाचे मालक आमी नाई. आमचं रान म्हणजे तेच, नदीनं सोडलेलं.

रातचं जेवण झाल्यावर बसल्या बसल्या आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, म्हणे, "मी धावतो."

मामाजी म्हणे, "तू चालली त भिंतीवरची पाल पडते. धावली त नदी पलीकडच्या काठावर जाईन."

"मंग तुमी धावा. गुडघ्याले कडेवर घेऊन."

हे खाटेवरून हसले अन् हसता हसता पाय हलला म्हून कळवळले. मी चुलीपाशी भांडे आवरत होती. मांग पाहाते त तिघंही माह्याकडंच पाहून राहिले होते.

"मी?" म्हटलं.

"नाई त का लेकरू धावते?" आत्याबाई म्हणे.

"बाया धावतेत का कधी?"

"बुढीमाय धावली होती. नवरा मेला त्या साली. जाय, इचार तिले."

बुढीमाय म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहाणारी म्हातारी. सारं गाव तिले बुढीमायच म्हणते, अन् शर्यतीत भांडण झालं का निवाडा तिचाच. मी सकाळीच गेली. ती पाटा धुवून राहिली होती. मले पाहून म्हणे, "धावली ना मी. त्याले का लागते? मांग पाहू नको, पायाखाली पाहाय. माणसं हसतीन, त्याइले हसू दे. हसणारा माणूस हळू धावते." मंग माह्याकडं वरून खालपर्यंत पाहून म्हणे, "अंगावर दूध हाये अजून तुह्या. पदर आवळून बांध."

ह्याइनं मले वाळू शिकवली. खाटेवर बसून, राखेत बोटानं नदी काढून. "चिंचेच्या पल्याड नदी जथी वळते ना, तथपर्यंत जाय. मधात पांढरी वाळू दिसंन, मस्त दिसंन, थांबू नको. थे नुसती चमकते, पाणी धरत नाई. करडी वाळू पाहाय. पायाले गार लागंन. तथी टोपलं ठेव. अन् अवो, ऐक, घाटाखाली त बिलकूल थांबू नको. तथी गोटे हायेत अन् गावच्या साऱ्या मशी तथीच पाणी पेतेत."

मी मान हालवत होती, पण माह्यं ध्यान पोरापाशी होतं. माह्या पोराले एक खोड होती. रडता रडता ते श्वास धरे. तोंड उघडं, आवाज बंद, अन् ओठ निळे पडत. दोन-तीनदा झालं होतं. आत्याबाई तोंडावर फुंकर मारे अन् मंग ते एकदम भोंगा काढे. आत्याबाईले त्याचं काईच वाटत नव्हतं, "याचा बापही असाच होता, नाटक्या," असं म्हणे. पण माह्या हातात ते तसं झालं का मी आत्याबाईच्या नावानं वरडत सुटो. मी आत्याबाईले म्हटलं, "त्याले घाटावर आणू नका बरं. घरीच ठेवा. मले त्याचं रडणं ऐकू आलं नाई पाहिजे."

"नाई आणत. झोपवून ठेवतो. तू धाव."

शर्यतीच्या दिवशी थंडी अशी होती का तोंडातून वाफ निंगे. वडाखाली सारे माणसं धोतरं खोचून उभे, अन् त्याइच्या मधात मी एकटी काष्टा आवळून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. खतातून कोमट वाफ येऊन राहिली होती अन् त्या थंडीत ती मले बरीच वाटली, खोटं कावून बोलू.

एकजण म्हणे, "वयनी, खत घेऊन माहेरी चालल्या का?"

दुसरा म्हणे, "अबे, दादाचा काटा वयनीले कावून टोचला?"

माह्ये दात वाजून राहिले होते. बुढीमाय वडाच्या पारावर बसेल होती, ती तिथून वरडली, "हसून घ्या रे पोट्ट्याइनो, मंग श्वास पुरणार नाई!"

कोतवालानं डफडं वाजवलं अन् आमी निंगालो.

काय सांगू, वाळूत धावणं म्हणजे धावणंच नाई. पाय टाकला का आत जाते, काढला का अर्धी वाळू संगं येते. पाण्याच्या जवळून धावलं त वाळू टणक असते, पण पाण्याच्या जवळून मी कशी धावणार, म्हून मी मधातून धावली, अन् पुढचे पुढं गेले. तरी मी सगळ्याच्या मांग नव्हती. मांग दोघं-तिघं होते, त्यातलाच एक तो माहेरचं बोलणारा, अन् त्याचा श्वास मले ऐकू येऊन राहिला होता, भात्यावाणी. मले बुढीमायचं बोलणं आठवलं अन् हसू आलं. मान ताठ, एक हात टोपल्याले, एक हात काष्ट्याले, छातीत जाळ, अन् मी धावून राहिली होती. घडीभर मले नदीचं भेवही राहिलं नाई. मले वाटलं का मी पोचतो. खरंच वाटलं.

मंग घाट आला. घाटाच्या पायऱ्यांवर सारं गाव उभं, बाया, बुढे, पोट्टे, सारे वरडून राहिले होते. मले कोणाचं काई ऐकू येत नव्हतं. अन् त्या साऱ्या कल्ल्यातून एक रडणं ऐकू आलं. माह्याच लेकराचं. आईले ते समजते, कसं ते मले इचारू नका.

मी पाहू नको म्हणता म्हणता पाह्यलं. आत्याबाई वरून दुसऱ्या पायरीवर उभी, कडेवर पोरगं. त्याची मान मांग टाकेल, तोंड उघडं. अन् आवाज बंद झाला.

मी थांबली. आवाज येईना. मी मनात म्हटलं, आता येईन, आता येईन. आला नाई.

त्यावर मंग मी काय केलं ते मले सांगता येत नाई. पायऱ्या कशा चढली, कोणाले ढकललं, काई नाई. एवढं आठवते का माह्ये दोन्ही हात मोकळे होते अन् मी लेकराले ओढून घेतलं अन् त्याच्या तोंडावर फुंकर मारली. अन् ते असं भोकाड पसरून रडलं, असं रडलं, का मीही रडली. रडता रडता ते पदरात तोंड खुपसून दूध शोधायले लागलं.

"अव पोरी, मी फुंकरच मारून राहिली होती ना!" आत्याबाई म्हणे. "थे कोठी मरून राहिलं होतं? उठलं, उपाशी होतं, म्हून आणलं त्याले, म्हटलं मायले पाहून गुप बसंन..." अन् बोलता बोलता तिची नजर खाली गेली. तिचं तोंड लेकरावाणीच उघडं राहिलं. "टोपलं!"

मी खाली पाह्यलं.

टोपलं घाटाच्या खाली, गोट्यांत, मी जिथं थांबली होती तिथं. खाली टेकेल.

मंग मांगून धावत आलेला तो, माहेरचं बोलणारा, टोपल्याले वळसा घालून पुढं गेला अन् जाता जाता वरडला, "वयनीनं घाट धरला रे!" अन् मंग जो हशा झाला. पायऱ्यांवरच्या बाया पोटं धरून हसून राहिल्या होत्या. मले वाटलं, नदी खरंच चावत असती त बरं झालं असतं.

पण आत्याबाई काई हसली नाई. ती दणदण पायऱ्या उतरून टोपल्यापाशी गेली अन् दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "टेकलं नाई हे!" म्हणे. "कलंडलं हाये! कलंडेल टोपल्याची वाडी होते का कोठी? पोरगी पुन्हा उचलते अन् जाते पुढं!"

"टेकलंच हाये, काकू," एकजण म्हणे.

"तुह्या डोळ्यात माती! पाहाय ना, एका अंगावर पडेल हाये!"

"बुढीमायले बलवा!"

बुढीमायले वडाच्या पारावरून यायले येळ लागला. तोवर आत्याबाई टोपल्याची राखण करत उभी, कोणाले जवळ येऊ देईना. बुढीमाय आली, काठी टेकवत वाकली, टोपलं उचललं नाई, फक्त त्याच्या बाजूची वाळू बोटानं उकरली. खत सांडेल होतं, ओल्या वाळूनं ते पिऊन घेतलं होतं. तिनं ते बोटावर घेऊन आत्याबाईच्या नाकापुढं धरलं.

"वाळूनं खाल्लं, बाई," म्हणे. "आता नदीशी भांड."

आत्याबाईनं पदरानं तोंड पुसलं. वर येऊन माह्या जवळ बसली अन् म्हणे, "पाज त्याले. झालं त्याले कोण का करते."

घरी आलो त मी आत जायले तयार नव्हती. मले वाटलं हे मारतीन, नाई त बोलतीन, नाई त मामाजी माहेरी धाडतीन. दारात उभी राहिली. आमच्या पह्यलेच कोणीतरी जाऊन सांगेल होतं, ते ह्याइच्या तोंडावरूनच दिसलं. ह्याइनं इचारलं, "लेकरू कसं हाये?"

"बरं हाये. पेलं अन् झोपलं."

"मंग झालं." मंग घडीभर छताकडं पाहून राहिले, अन् ओठ दाबून राहिले, अन् मंग त्याइले राहवलंच नाई. "घाटाखाली थांबू नको, एवढंच त सांगतलं होतं ना, अवो!" अन् असे हसले का खाट करकरली. मले रडू येऊन राहिलं होतं अन् मीही हसली. मामाजी उठले, गुडघा चोळला, कुऱ्हाड घेतली. "गावच्या मशी हायेत," म्हणे, "दुप्पट काट्या लागतीन."

अशी आमची वाडी घाटाखाली झाली.

मशींनी आमाले लय छळलं. ज्या दिवशी वेल हातभर झाले त्याच दिवशी एक म्हैस काट्यासगट आत आली अन् मधातच बसली, पाटलीणबाईवाणी. गोटे वेचता वेचता माह्ये नखं गेले. दोन खड्ड्यांत टरबूज लागलंच नाई, लागलं ते लहान राहिलं. चिंचेच्या पल्याडच्या वाड्यांतले टरबूज मडक्याएवढे, आमचे लोट्याएवढे.

पण एक होतं. धुणं धुवायले साऱ्या गावच्या बाया तिथंच येत. मी खड्ड्यात पाणी घालत असो अन् माह्यं पोरगं त्याइच्यात. कोणी त्याले मांडीवर घे, कोणी वाळलेल्या धोतराच्या झोळीत निजवे. ते श्वास धरे तवा मी धावत पोचायच्या पह्यले चौघी जणी फुंकर मारत. कोणाच्या फुंकरीनं ते उठे, देव जाणे. वाळूतच ते बसायले शिकलं, वाळूतच रांगलं. वाळू खायले सगळ्यात आधी शिकलं.

अन् त्या बाया माह्या काकड्या खात. धुणं झालं का एक तोडली, करकर खाल्ली, अन् वरून म्हणत, "तुही काकडी कडू व." आत्याबाई आली का पायऱ्यांवरूनच सुरू होई, "अव पेंढाऱ्याइनो! धुवायले येता का चरायले? मशी बऱ्या!" पण सांजच्याले त्याच बाया पदरात ज्वारी आणत, पसाभर, दोन पसे, अन् जाताना एक टरबूज नेत. बाजारात बंडी न्यायचं कामच पडलं नाई. चैतापर्यंत आमची कोठी काठोकाठ भरली नाई, पण रितीही राहिली नाई. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या वाडीत पाणी भरायले मी गेली नाई. एवढं झालं.

खालच्या पायरीवर मी कवा बसायले लागली ते माह्याही ध्यानात नाई आलं. एक दिवस पाहाते त पाय पाण्यात.

पुढच्या साली ह्याइचा पाय ठीक होता. शर्यतीच्या दिवशी वडाखाली साऱ्याइनं त्याइले घेरलं. "दादा, घाटावर लेकरू रडते का पाहून घे बरं!" "दादा, टोपलं सांभाळ!" हे हसले, धोतर खोचलं, अन् निंगाले ते कोणाले सापडलेच नाई. चिंचेच्या पल्याड, नदी जिथं वळते, तिथल्या करड्या वाळूत सगळ्यात आधी आमचं टोपलं टेकलं. घाटावर लोक वरडले, मीही वरडली. पोरगं एका हातानं माह्यं लुगडं धरून उभं होतं, अन् मी वरडली म्हून तेही वरडलं.

लोक घरी गेल्यावर मी खाली उतरली. घाटाखाली त्या साली कोणीच टोपलं ठेवलं नव्हतं. कोण ठेवंन? नदीनं आमचे खड्डे बुजवून टाकले होते, गोटे पुन्हा आणून टाकले होते. तिथं आमची वाडी कधी होती असं काई दिसतच नव्हतं. मले उगंच कसंतरी वाटलं. चांगली जागा मिळाली होती, पण ती लांब होती, तिथं कोणी धुणं धुवत नाई, तिथं नुसती नदी अन् आमी.

मांगून आत्याबाई आली. मले वाटलं घरी बोलवायले आली. तिनं त पदराची गाठ सोडली, वाकली, बोटानं वाळूत दोन खड्डे केले, अन् काकडीच्या बिया टाकून वरून तळहातानं दाबलं.

"मशी खातीन, आत्याबाई," मी म्हटलं.

"मशी कावून? त्या पेंढाऱ्या खातीन," ती म्हणे, अन् पोराले उचलून पायऱ्या चढायले लागली.